पिन, वायसर आणि भडका

मराठीत एकाच तेलाला तीन नावे आहेत. शहरी माणूस रॉकेल म्हणतो, कोकण-देशाकडे घासलेट म्हणतात, आणि आमच्या वऱ्हाडात जुनी माणसे मातीचे तेल म्हणत. रॉकेल हे रॉक ऑइलचे रूप, घासलेट हे गॅसलाइटचे. म्हणजे दोन नावे साहेबाकडून आली आणि एक आपण स्वतः दिले. मातीचे तेल हेच मला सर्वात प्रामाणिक वाटते, कारण त्यात ते कुठून येते एवढेच सांगितले आहे. (चाळीस वर्षे मराठी शिकवल्याचा हा दोष, गोष्ट सांगायला बसले की आधी शब्दाची व्युत्पत्ती.)

पुण्याचा पुतण्या परवा फोनवर म्हणाला, काका, तुम्ही अजून तो जुना गॅस घरीच दुरुस्त करता, त्यावर एकदा लिहा ना. लिहायला बसलो आणि गॅसच्या आधी स्टोव्ह आठवला, स्टोव्हच्या आधी चूल. तेव्हा हे जरा लांबणार आहे. घाई असेल त्यांनी शेवटाकडून वाचावे.

आमचे केनवड रिसोड तालुक्यातले, मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. जिल्हा आता वाशीम. १ जुलै १९९८ पर्यंत अकोला होता. कापसाचा आणि तुरीचा मुलूख, त्यामुळे सरपणाची ददात अशी नव्हती. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, तुरीच्या तुराट्या बांधायच्या, अंगणाच्या कडेला त्यांची गंजी लावायची. पावसाळ्याला गोवऱ्या. पऱ्हाटी भुरुभुरु जळते, सारखी सारावी लागते आणि धूर फार करते. माझ्या आईचे डोळे बारा महिने लाल असत. आम्हा पोरांना वाटे, आईचे डोळे असेच असतात.

अशा घरात स्टोव्ह आला तो पाहुणा म्हणून. त्याला कोणी स्टोव्ह म्हणत नसे, इष्टो म्हणत. शाळेत इन्स्पेक्टर आले, जावई आला, कोणाला रात्री काढा हवा झाला, तरच इष्टो पेटायचा. भाकरी त्यावर कोणी करत नसे. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्याला लावावी लागते तेव्हा फुगते, आणि इष्ट्यात निखारा कुठला? शिवाय तेल विकतचे, पऱ्हाटी घरची.

या यंत्राचा जन्म स्वीडनचा. १८९२ साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने काजळी न धरणारा, दाबाने चालणारा तेलाचा स्टोव्ह बनवला. नाव दिले प्रायमस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पहिला. पुढे आपल्याकडे कोणत्याही कारखान्याचा पंपवाला स्टोव्ह असो, लोक त्याला प्रायमसच म्हणत. वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणत तसेच ते. नान्सेन उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता, १९११ मध्ये अॅमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याजवळही होता, आणि १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या वरच्या तंबूत तेनसिंग आणि हिलरी बर्फ वितळवून पाणी करत होते तेही स्टोव्हवरच. भूगोलाच्या तासाला मी हे सांगायचो तेव्हा मुले म्हणायची, गुरुजी, आमच्या घरी आहे तोच का? तोच रे बाबा, तोच.

त्याची रचना इतकी साधी आणि इतकी हुशार आहे की मी पहिल्यांदा तो खोलला तेव्हा बराच वेळ नुसता पाहत बसलो होतो. खाली पितळेची टाकी. तिला तेल ओतायचे झाकण, हवा सोडायची चावी, आणि बाजूने आत गेलेला पंप. वर बर्नर. बर्नरच्या मध्यभागी निपल, त्याला केसाएवढे भोक. बर्नरखाली वाटी. त्या वाटीत स्पिरिट घालून पेटवायचे किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावून ठेवायचा. बर्नर चांगला तापला की पंप मारायचा. हवेच्या दाबाने तेल वर चढते, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत त्याची वाफ होते, आणि ती वाफ निपलमधून जोराने बाहेर पडताना भोवतालची हवा ओढून घेते. म्हणजे जळते ते तेल नव्हे, तेलाची वाफ. म्हणून ज्योत निळी, म्हणून भांड्याला काजळी नाही. तो भुर्रऽऽ आवाज त्या वाफेचाच. पुढे बिनआवाजाचे बर्नरही आले, पण लोकांना आवाजाचा स्टोव्हच जास्त जोरदार वाटे.

दुरुस्तीला दोनच गोष्टी यायच्या, पिन आणि वायसर. निपलमध्ये कचरा बसला की ज्योत एका बाजूला जाते किंवा मरते, मग पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक पिन सरळ आत घालून काढायची. सरळ, हे महत्त्वाचे. तिरकी गेली तर मोडते, आणि मोडलेली पिन निपलमध्ये राहिली की निपलच बदला. वायसर म्हणजे पंपाच्या दांड्याच्या टोकाची चामड्याची वाटी. ती वाळली की पंप नुसता आतबाहेर होतो, हवा काही जात नाही. वायसर काढून गोडेतेलात रात्रभर भिजवायचा, सकाळी बोटांनी त्याची कड पसरवायची आणि परत बसवायचा. पंप मारून सोडल्यावर दांडा आपोआप वर येऊ लागला, तर समजावे की पंपाच्या बुडाशी असलेली झडप गेली आणि तेल उलटे पंपात शिरते आहे. ही झडप बदलायला लांब पान्हा लागतो, तो मी अकोल्याहून आणला होता. टाकीला भोक पडले तर झाळ मारावी लागे, ते काम मात्र बाजारच्या दिवशी येणाऱ्या दुरुस्तीवाल्याचे.

गावात मास्तर असण्याचा एक तोटा म्हणजे तुम्हाला सगळे येते असे लोक धरून चालतात. मला स्टोव्ह खोलता येतो हे कळल्यावर शाळा सुटायच्या वेळी दारात दोन-तीन स्टोव्ह हमखास येऊन बसलेले असत. मी पैसे घेत नसे. लोक कधी तुरीच्या शेंगा, कधी भुईमूग ठेवून जात.

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतले असे आता वाटते आहे. भडका.

१९७५ ते १९९० या काळातली वर्तमानपत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना आतल्या पानावरचा तो दोन-चार ओळींचा मजकूर आठवत असेल. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. नाव, वय, गाव. वय बहुतेक अठरा ते पंचवीस. सासूचा स्टोव्ह क्वचितच भडकायचा, नणंदेचा त्याहून क्वचित, सासऱ्याने चहा ठेवायचा प्रश्नच नव्हता. हे गणित सगळ्यांना दिसत होते. बोलत कोणी नव्हते.

स्टोव्हची बाजू आधी सांगतो. भडका खरोखर उडतो. बर्नर पुरता तापायच्या आधीच पंप मारला तर वाफेऐवजी तेलच उडते आणि हातभर उंच पिवळी ज्योत उठते. पेटत्या किंवा नुकत्याच विझवलेल्या स्टोव्हमध्ये तेल ओतले तर वाफ पेट घेते. तेलात पेट्रोलची भेसळ असेल तर फारच वाईट. बायका जमिनीवर बसून स्वयंपाक करायच्या, स्टोव्हही जमिनीवर, पदर सुटलेला. सत्तरीच्या दशकात नायलॉनच्या साड्या आल्या. सुती लुगडे जळते, नायलॉन वितळते आणि अंगाला चिकटते. अशा खऱ्या अपघातात गेलेल्या बायका मी जवळच्या गावांत पाहिल्या आहेत. अशा वेळी हवेची चावी सैल केली की दाब उतरतो आणि ज्योत खाली बसते. दोन बोटांचे काम. ते मी वर्गात मुलांना आणि मुलींना दोघांना शिकवत असे, अभ्यासक्रमात नसतानाही.

पण भडक्याचीही एक रीत असते. तो समोरून येतो. हात, तोंड, छाती, पदर. टाकीतले तेल उठून माणसाच्या डोक्यावरून पाठीवर ओतले जात नाही.

१९८१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या हाताखाली सातवी झालेली एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली होती. अक्षर चांगले होते तिचे, फळ्यावर सुविचार तीच लिहायची. एक दिवस तिचे वडील सकाळीच दारात आले. रडत नव्हते. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इष्टो खोलता नं. चाला माह्यासंगं." एसटीने गेलो. सगळे आटोपले होते, पंचनामाही. स्टोव्ह अंगणात तुळशीजवळ ठेवला होता.

मी तो हातात घेतला. टाकी फुगलेली नव्हती, कुठे उकललेली नव्हती. बर्नर जागच्या जागी, घट्ट. झाकण घट्ट. हलवून पाहिला तर तेल जवळजवळ काठोकाठ. पंप ओढून पाहिला, वायसर लाकडासारखा वाळलेला. त्या पंपाने त्या टाकीत हवा भरणेच शक्य नव्हते. तो स्टोव्ह कित्येक दिवसांत पेटलाच नव्हता.

हे मी तिथे असलेल्या हवालदाराला सांगितले, वायसर काढून दाखवला. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही पोरांना शिकवा. तिच्या वडिलांनी अर्ज केला, त्यावर मी सही केली. पुढे दोनदा तालुक्याला खेटे घातले. कागदावर जे होते तेच राहिले, स्टोव्हचा भडका. वडील नंतर भेटले की पीकपाण्याचे बोलत. स्टोव्हचा विषय ना त्यांनी काढला ना मी.

देशात तेव्हा हा प्रश्न रस्त्यावर आला होता. दिल्लीत सत्यराणी चढ्ढा यांची मुलगी १९७९ मध्ये अशीच जळून गेली आणि त्या बाईने उरलेले आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि मोर्चांत घालवले. महाराष्ट्रातही स्त्री संघटना उभ्या राहिल्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून होता, पण तो असून नसल्यासारखा. १९८३ मध्ये भारतीय दंड विधानात ४९८-अ हे छळाचे कलम आले. त्याच दुरुस्तीने, लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची असे ठरले. १९८६ मध्ये ३०४-ब हे हुंडाबळीचे कलम आले आणि पुराव्याचे ओझे सासरकडे वळले. १ जुलै २०२४ पासून दंड विधान जाऊन न्याय संहिता आली, त्यात हेच कलम ८० म्हणून आहे. मला या कायद्यातली सात वर्षे नेहमी खटकतात. आठव्या वर्षी काय होते? पण १९८१ च्या मानाने हे पुष्कळच आहे. तेव्हा हवालदाराला विचारायला लावणारे काहीही नव्हते.

आणखी एक. या खोट्या भडक्यांमुळे खऱ्या भडक्यांचीही चौकशी झाली नाही. कोणत्या कारखान्याचा स्टोव्ह, कोणती झडप, कसले तेल, हे कोणीच लिहून ठेवले नाही. जिथे स्टोव्ह हेच उत्तर आहे तिथे स्टोव्हला प्रश्न कोण विचारणार?

असो. पुढे सरकू.

१९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले आणि सरकारला तेल वाचवायची आठवण झाली. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने १९७७ मध्ये नूतन नावाचा वातीचा स्टोव्ह काढला. पंप नाही, दाब नाही, पिन नाही. गोलाकार वाती, वर-खाली करायला दांडी. तेल कमी लागे आणि भडक्याची भीतीही कमी. आमच्याकडे तो लवकर रुळला. वाती कातरून सारख्या ठेवल्या आणि सगळ्या एका उंचीला आणल्या की निळा जळे; एकही वात वर राहिली की भांडे काळे. रेशनच्या दुकानात निळ्या रंगाचे तेल मिळे. तो रंग मुद्दाम घातलेला, काळाबाजार ओळखू यावा म्हणून. काळाबाजारवाल्यांनी तो काही ओळखू दिला नाही.

गॅसची गोष्ट त्या मानाने मुंबईची. दगडी कोळशापासून केलेला गॅस तिथे बाँबे गॅस कंपनीने आणला, १८६५ मध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. सिलिंडरचा गॅस मात्र वेगळा. १९५५ मध्ये माहुलला बर्मा शेलची रिफायनरी सुरू झाली आणि पुढे बर्शेन नावाने सिलिंडर घरोघरी जाऊ लागले. जुनी मुंबईकर मंडळी अजून गॅसला बर्शेन म्हणतात. इंडियन ऑइलने १९६५ मध्ये कोलकात्यात पहिले इंडेन कनेक्शन दिले. एस्सोचे १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम झाले, बर्मा शेल १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि तिचे भारत पेट्रोलियम झाले.

खेड्यात हे सगळे पोचायला पुढची पिढी उजाडली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. खासदारांना कनेक्शनच्या कुपनांचा कोटा असे. कोणाची कोणत्या खासदाराशी ओळख आहे हे त्याच्या स्वयंपाकघरावरून कळे. आमचा नंबर १९८७ साली लागला. सौ.ने त्या दिवशी शेगडीला हळदकुंकू लावले आणि पहिल्यांदा दूध ठेवले, उतू जाऊ दिले. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि नंतर गावातल्या गरीब घरांतही लाल टाकी आली. आली खरी, पण टाकी संपली आणि हातात पैसे नसले की तीच पऱ्हाटी आणि तेच लाल डोळे, हे आमच्या गल्लीत मी आजही पाहतो.

ती १९८७ ची दोन बर्नरची शेगडी अजून चालू आहे. स्टीलची, पितळेचे बर्नर, वर बिडाच्या जाळ्या. मुलगा काचेची आणतो म्हणाला, मी नको म्हटले. पुतण्याने विचारलेली दुरुस्ती आता सांगतो.

पहिली गोष्ट, रेग्युलेटर बंद करून टाकीवरून काढल्याशिवाय शेगडीला हात लावू नये. स्टोव्हमध्ये दाब टाकीत असे आणि आपण तो घालत असू, इथे १४.२ किलोच्या टाकीत दाब पुष्कळ असतो आणि रेग्युलेटर तो उतरवून अगदी थोडा, चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० ग्रॅम एवढाच, शेगडीकडे सोडतो. म्हणून शेगडी निरुपद्रवी वाटते. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साचतो. वास त्याचा स्वतःचा नाही, कळावा म्हणून घातलेला आहे. वर्तमानपत्रात सिलिंडरचा स्फोट असे छापतात, तेव्हा बहुतेक वेळा सिलिंडर शाबूत असतो; साचलेला गॅस पेटलेला असतो. इथेही शब्दाने वस्तूवर ढकलले की मग नळी किती वर्षांची होती हे विचारायला कोणी उरत नाही.

ज्योत पिवळी आणि भांड्याला काळे, म्हणजे हवा कमी. बर्नर उचलून खालची नळी पाहावी. तिच्यात कोळ्याचे जाळे, झुरळाची अंडी, उतू गेलेल्या दुधाची खरपुडी, काहीही निघते. बाटली धुवायचा ब्रश चालतो. बर्नरची भोके सुईने मोकळी करावीत, गरम पाण्यात सोडा घालून धुवावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. ज्योत बर्नर सोडून वर उडू लागली तर हवा जास्त, नळीच्या तोंडाची चकती थोडी फिरवावी. जेटमध्ये मात्र स्टोव्हची पिन कधीही घालू नये. स्टोव्हवर हात बसलेली माणसे इथे फसतात. जेट पितळेचा, पिन पोलादाची. भोक मोठे होते आणि गॅस जास्त जातो. फुंकर मारावी, फार तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार.

नॉब जड झाला तर आतला शंकूच्या आकाराचा पितळी तुकडा कोरडा पडलेला असतो. दोन स्क्रू काढले की स्प्रिंगसकट बाहेर येतो. फडक्याने पुसून उष्णतेला टिकणारे ग्रीस अगदी पातळ लावावे, भोकात जाऊ देऊ नये. दोन्ही नॉब एकाच वेळी खोलू नयेत, कारण प्रत्येक शंकू आपापल्या घरात घासून बसवलेला असतो, अदलाबदल झाली की गळतो. मग नळी जोडून सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आला की गळती. काडी ओढून गळती शोधणारे शूर लोकही मी पाहिले आहेत. शंकू झिजलेला दिसला किंवा ग्रीस लावूनही बुडबुडा राहिला, तर एजन्सीचा मेकॅनिक बोलवावा, हट्ट करू नये. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, वरून कितीही चांगली दिसली तरी.

पुतण्याला ही शेगडी पुण्याला न्यायची आहे, तुमची आठवण म्हणून. तिकडे त्यांच्या सोसायटीत आता पाइपचा गॅस आला आहे. बाबा रे, तो गॅस वेगळा. हवेपेक्षा हलका, दाब कमी, आणि तेवढ्याच गॅसात उष्णताही कमी. टाकीच्या गॅसचे जेट तिकडे लावले तर ज्योत वाटाण्याएवढी येईल. जेट मोठ्या भोकाचे घालावे लागतील, आणि ते कंपनीच्या माणसाकडूनच घालून घे. जुने दोन जेट फेकू नकोस, एका पुडीत घालून मला परत पाठव.